टेप तुमची आखूड आहे!

...आणि वर मलाच म्हणते, "काका, टेप आखूड नाहीये, श्वास सोडा!" आता मला सांगा, श्वास काय मी कोंडून ठेवला होता? ...हां, थोडासा ठेवला होता, पण तो सगळेच ठेवतात हो, परक्या माणसानं कमरेला टेप लावली की पोट आपोआप आत जातं, ते काय आपल्याला विचारून जातं का? बसा, बसा ना, ही खुर्ची मोकळीच आहे. त्या पलीकडच्या खुर्चीवर बसू नका, तिचा एक पाय लुळा आहे. चौदा वर्षं येतोय मी या दवाखान्यात, इथल्या खुर्च्यांची तब्येत मला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक! तुम्ही नवीन दिसता. लिव्हरच्या स्कॅनलाच ना? तीन तास उपाशी? झालं तर मग, मीही उपाशीच. उपाशी माणसाला दोनच गोष्टी जमतात, चिडणं आणि बोलणं, आणि मी काही निवडत बसत नाही.

तर तुम्हाला सांगतो, सहा महिन्यांपूर्वी मी याच दारातून आत गेलो. आत ती नर्स, माझ्या मुलीच्या वयाची, हातात ती डबीतली टेप, बटण दाबलं की सुर्रकन आत जाणारी, टेप कसली, खेळणं ते! लावली माझ्या कमरेला, आणि कागदावर लिहिता लिहिता म्हणते, "साडेचाळीस." मी म्हटलं, कोणाची? म्हणते, "तुमची, काका." म्हटलं, "बाई, अडतीस." "साडेचाळीस." "अडतीस!" "पुन्हा मोजू का?" "मोजा!" मोजली पुन्हा. म्हणते, "एकेचाळीस." म्हणजे बघा, नुसतं बोलता बोलता अर्धा इंच वाढवला बाईनं! तेव्हा मी म्हटलं, "टेप तुमची आखूड आहे." आणि तेव्हा ती ते श्वासाचं बोलली. मला! अहो, मी शिंपी आहे! एकतीस वर्षं माणसांच्या कमरा मोजतोय, माणूस दुकानाच्या दारात उभा राहिला की खांदा किती, छाती किती, कोणता हात अर्ध्या इंचानं लांब, सगळं मी टेप न लावता सांगतो! नवरा-बायकोचं भांडण झालंय की नाही तेसुद्धा मी गळ्याच्या मापावरून ओळखतो. तुम्हाला सांगतो, माझं माप चुकत नाही!

हळू बोलतो, हळू बोलतो. ती बघा, खिडकीखाली बसलीय, मांडीवर पँट घेऊन तुरपाई करतेय, ती माझी बायको. मला ओळखतच नाही असं दाखवतेय. ती नेहमी तीन खुर्च्या सोडून बसते, म्हणते, "तुम्ही बोलायला लागलात की लोक माझ्याकडे बघतात."

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो. गिऱ्हाईक जाड झालं ना, तर ते त्याला कधीही सांगायचं नाही. कधीही! माणूस दोन वर्षांपूर्वीची पँट घेऊन येतो, बटण लागत नाही, चेहरा कसनुसा, बायको मागे उभी, गालात हसतेय. अशा वेळी शिंप्यानं पँट हातात घ्यायची, उजेडात धरायची, अंगठ्यानं कापड चोळायचं आणि गंभीरपणे म्हणायचं, "कापड आटलं असेल." बस्स! माणूस असा खुलतो म्हणून सांगू! बायकोकडे वळून म्हणतो, "बघ, मी म्हणत नव्हतो?" मग आपण पँट उसवायची. आतल्या बाजूला आम्ही जास्तीचं कापड राखून ठेवतो, त्याला आमच्यात माया म्हणतात, त्या मायेतून अर्धा इंच सोडायचा, इस्त्री मारायची, दिली पँट. माणूस हसत घरी. हे वाक्य मला दादानं शिकवलं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा, दुकान त्याचं, कातर त्याची, हे गळ्यात अडकवलंय ना, ही टेपसुद्धा त्याचीच. मी सुईत दोरा ओवायला शिकलो तो त्याच्या गुडघ्याला टेकून.

तर दादा गेला. चौदा वर्षं झाली. लिव्हरनं गेला. बावन्नाव्या वर्षी. तोपर्यंत आम्हाला कोणाला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. इथली ही डॉक्टरीणबाई तेव्हा नवीन होती, तिनं आम्हा सगळ्या भावंडांना बोलावलं, रक्त काढलं आणि मला म्हणाली... तिचं बोलणं असं असतं, कागदावरून नजर काढायची नाही, एकेक शब्द तोलून... "तुम्हालाही. हेपटायटिस बी. बहुतेक जन्मापासून. आईकडून आलाय." मी म्हटलं, आई तर गेली, आता मी तिला तो परत कसा करू? हसली नाही. त्या बाई हसत नाहीत, चौदा वर्षं मी प्रयत्न करतोय. म्हणाली, "विषाणू झोपलेला आहे. गोळी आज लागत नाही. पण दर सहा महिन्यांनी यायचं. आयुष्यभर." आयुष्यभर! लग्नातसुद्धा कोणी इतक्या कोरड्या आवाजात म्हणत नाही हो हे.

पण तुम्हाला सांगतो, आलो! एक खेप चुकवली नाही. ताप असो, दुकानात घाई असो, सहा महिने झाले की मी या खुर्चीत. घरात सगळ्यांच्या तपासण्या करून घेतल्या, हिला, मुलीला, मुलाला, तिन्ही डोस लसीचे, स्वतः हाताला धरून नेलं. तोंडात टाचण्या धरायची सवय होती, आम्हा शिंप्यांची असते, ती त्या दिवशी सोडली. माझी सुई कोणी घ्यायची नाही, बोटाला टोचली की लगेच धुवायचं, पट्टी बांधायची, रक्ताचा थेंब लागलेलं कापड बाजूला. शेजारी इस्त्रीवाला आहे आमचा, तो पहिला महिनाभर माझ्या कपातून चहा प्यायला घाबरायचा. त्याला मी दुकानात खुर्चीवर बसवून समजावलं की बाबा रे, हे कपातून, ताटातून, हात मिळवल्यानं होत नाही, रक्तातून होतं, तू माझा चहा पी, फक्त माझं रक्त पिऊ नकोस. तेव्हापासून रोज पितो. चहा. म्हणजे काय, माझा त्या विषाणूवर असा पहारा होता की त्याला कूस बदलायची चोरी. दर खेपेला रिपोर्ट: झोपलाय. झोपलाय. झोपलाय. मी छाती काढून घरी. एवढं सगळं सांभाळणाऱ्या माणसाला तुम्ही म्हणता साडेचाळीस?

पण ऐका, मधली गोष्ट राहिली. दीड वर्षापूर्वी सोनोग्राफी झाली आणि डॉक्टरीणबाई कागदात बघत म्हणाली, "चरबी." म्हटलं, कुठे? "लिव्हरमध्ये." मी म्हटलं, बाई, तो कागद दुसऱ्या कोणाचा असेल. दारूचा थेंब नाही मला! लग्नात नाही, बारशात नाही, मेहुण्यानं हजारदा आग्रह केला तरी नाही! तर म्हणते, "दारू लागत नाही. खाणं पुरतं." खाणं पुरतं! मेहुण्याला हे कळलं तेव्हा तो काय म्हणाला ऐका... तो असा गुडघ्यावर थाप मारून बोलतो... "दाजी! न पिता लिव्हर? अहो, मग प्यायचं तरी होतंत!" आता हा माणूस गेली वीस वर्षं पितोय आणि मला खाण्याबद्दल ऐकवतोय! अपमान हो, सरळ अपमान. चौदा वर्षं मी पुढच्या दारावर काठी घेऊन उभा, आणि ही चरबी मागच्या दारानं येऊन चक्क पथारी पसरून बसलेली!

खरं म्हणजे तिथेच मी शहाणं व्हायचं. पण आमचा इस्त्रीवाला! त्याच्याकडे एक फोन आहे आणि त्या फोनमध्ये जगातलं सगळं ज्ञान आहे, फक्त ते अर्धं आहे. एक दिवस दुपारी धावत आला, एका हातात गरम इस्त्री तशीच, "मास्तर! मास्तर! तुमचं भलं झालं! इथे लिहिलंय, लिव्हरमध्ये चरबी असली की काही जणांत तो बी विषाणू कमी दिसतो! अभ्यास झालाय!" म्हटलं, दाखव. दाखवलं. होतं लिहिलेलं, खोटं नाही सांगत! मी घरी जाऊन रिपोर्ट काढले, चौदा वर्षांचे, जमिनीवर ओळीनं मांडले, आणि काय सांगू तुम्हाला, खरंच! विषाणूचा आकडा खाली खाली खाली आलेला! आणि माझ्या मापाच्या वहीत माझी कंबर? चौतीस, पस्तीस, छत्तीस, सदतीस! एक खाली चाललाय, एक वर! मला तर तिथल्या तिथे उलगडा झाला. चरबी त्याला दाबून बसलीय हो! रजई टाकलीय त्याच्यावर! ज्याला औषध सापडत नव्हतं ते माझं मीच तयार केलं, पोटावर! तुम्हाला सांगतो, माझं माप चुकत नाही!

मग काय विचारता. औषध म्हटल्यावर ते नियमानं घ्यायला नको? सकाळी पावाला लोणी, असं बोटभर. दुपारी तळलेले बटाटे. चार वाजता इस्त्रीवाला केक आणायचा, म्हणायचा, "मास्तर, डोस." ही ओरडायची. मी म्हणायचो, तुला शास्त्र कळत नाही. पँटी घट्ट व्हायला लागल्या तर शिंप्याला काय अडचण? संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी उसवायची, माया सोडायची, पाव इंच, अर्धा इंच, इस्त्री मारायची, झालं! दुसऱ्या माणसाला निदान शिंप्याकडे जाताना तरी लाज वाटते. मी स्वतःच शिंपी, मी कोणाला लाजू? पँट उजेडात धरायचो, कापड अंगठ्यानं चोळायचो आणि स्वतःलाच म्हणायचो, "कापड आटलं असेल." आणि पटायचं हो मला! इतक्या मायेनं सांगायचो मी मला!

अशा थाटात मी सहा महिन्यांपूर्वी आलो. आणि ते साडेचाळीस झालं. आणि मग ते स्कॅनचं यंत्र. तुम्हाला कळेलच आता, घाबरू नका, कुशीवर झोपवतात, बरगडीवर टक टक करतात, कोणी आपल्या दारावर टिचकी मारतंय असं वाटतं. लिव्हर मऊ आहे की कडक ते त्यातून कळतं, आकडा जेवढा मोठा तेवढं कडक. माझा साडेपाच असायचा. मी बाहेर येऊन डॉक्टरीणबाईसमोर बसलो आणि तिनं तोंड उघडायच्या आत माझं शास्त्र सांगून टाकलं. रजई. डोस. सगळं. तिनं चौदा वर्षांत पहिल्यांदा कागदावरून मान वर केली. मला वाटलं शाबासकी देते. म्हणाली, "साडेआठ." म्हटलं, काय साडेआठ? म्हणाली, "लिव्हर. साडेपाचाचं साडेआठ झालंय. विषाणूचा आकडा कमी दिसतो, हे खरं. काही जणांत दिसतो. पण आकडा कमी म्हणजे इजा कमी नव्हे. विषाणू झोपलाय, आणि शेजारी चरबी जागी आहे, ती लिव्हरला सूज आणतेय. एक असताना धोका असतो. दोन असताना जास्त. त्यात साखर वाढली की आणखी. आणि तुमची काठावर आहे." मी म्हटलं, पण चरबीनं दाबलंय ना त्याला? तर म्हणते, "चरबीनं त्याला नाही दाबलंय. तुम्हाला दाबलंय." आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, जरा हळू आवाजात म्हणाली, "तुमच्या भावाच्या वेळीही दोन्ही होतं. तेव्हा आम्ही एकच बघत होतो."

...नाही, पाणी नको, स्कॅन व्हायचंय अजून.

घरी आलो. पण मी काही लगेच हार मानणारा माणूस नव्हे! साडेआठ ठीक आहे, ते यंत्र जाणे, पण साडेचाळीस? ते मी कसं मान्य करू? दुकानात हिच्यासमोर उभा राहिलो, दादाची टेप काढली, कमरेला लावली, "बघ! बघ, किती? अडतीस!" हिनं हातातली सुई खाली ठेवली. हिनं सुई खाली ठेवली की समजायचं, काहीतरी होणार आहे. उठली. कोपऱ्यातून कापड मोजायचा लोखंडी गज आणला. छत्तीस इंच, लोखंडाचा, तो आटत नाही की ताणत नाही. टेबलावर ठेवला. माझ्या हातातून टेप घेतली, गजाला लावून सरळ केली आणि बोट ठेवलं. मी वाकून बघितलं. गज संपला छत्तिसावर. आणि टेपेवर तिथे किती होते? पावणेचौतीस. पावणेचौतीस! म्हणजे चाळीस वर्षं दोन भावांनी ओढून ओढून ती टेप ताणलेली! तिचा इंच इंचापेक्षा मोठा झालेला! सव्वादोन इंच टेबलावर असे... गायब.

तुम्ही म्हणाल, मास्तर, मग लोकांचे कपडे कसे काय बसत होते? हेच तर! माणूस त्याच टेपेनं मोजायचा, कापड त्याच टेपेनं आखायचं, चूक इकडेही तीच, तिकडेही तीच, कपडा अंगावर असा बसतो की बघत राहावं! एकतीस वर्षं एकही तक्रार नाही! ...एक होती. एका बँडच्या मास्तरांनी कागदावर मापं लिहून पाठवली होती, वीस कोटांची. मी शिवून दिले. दुसऱ्या दिवशी ट्रंपेटवाला कोट घालून दुकानात, त्या कोटात तो, त्याचं ट्रंपेट आणि त्याचा एखादा भाऊ आरामात मावला असता. मी काय म्हटलं असेल? म्हटलं, "तुमच्या मास्तरांना मोजता येत नाही. त्यांना सांगा, माझं माप चुकत नाही!" वीस माणसांचा बँड गेली तीन वर्षं बाह्या दुमडून वाजवतोय हो!

आणि तिथेच, त्या टेबलापाशीच, मला दादाचा शर्ट आठवला. हे मी फारसं सांगत नाही कोणाला. तो जायच्या चार महिने आधी मी त्याच्यासाठी शर्ट शिवायला घेतला होता. माप घेतलं. गळा अर्ध्या इंचानं कमी. दंड इंचभर कमी. खांदे उतरलेले. आणि पोट... पोट तीन इंच जास्त. तुम्ही मला सांगा, असा कोणी जाड होतो का? हात वाळतात आणि पोट फुगतं, हे काय जाड होणं आहे? मी शिंपी. मला ते दिसलं, टेपेवर दिसलं, वहीत लिहिलं मी माझ्या हातानं. आणि मी काय केलं? बाह्या आत घेतल्या आणि पोटाला कापड सोडलं. इतका बेतशीर शिवला की काही कळू नये. दादानं घातला, आरशात बघितलं, म्हणाला, "जुने सगळे तंग झाले रे, कापड आटलं असेल. हा मात्र झकास बसलाय." आणि आम्ही दोघं हसलो. माझं मापही चुकलं नव्हतं आणि शिलाईही. डॉक्टरकडे न्यायचं सोडून मी त्याला शर्ट दिला, एवढंच चुकलं.

तर तीन महिन्यांनी मलाही बावन्नावं लागतंय.

बरं, असू दे, तोंड पाडू नका, तुमचं स्कॅन आहे आज! पुढचं ऐका, पुढचं गमतीचं आहे. त्या दिवशी हिनं काय केलं? माझ्या सगळ्या पँटी काढल्या, सात, आणि एकेक उसवून आतली माया कापून टाकली. कापून! कातरीनं! एका शिंप्याच्या घरात! मी म्हटलं, अगं, आता घट्ट झाली तर सोडणार काय? म्हणाली, "पँट नाही सोडायची. केक सोडायचा." आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला मला घराबाहेर काढलं. चालायला. मी! ज्यानं एकतीस वर्षं मशीन पायानं चालवली, म्हटलं पायाला व्यायाम आहेच की! म्हणते, "मशीन चालते, तुम्ही बसता." लोणी गेलं. बटाटे गेले. साखर गेली. इस्त्रीवाल्याला तिनं असं काही सुनावलं की चार वाजता तो आता काकडी घेऊन येतो, चेहरा पाडून, म्हणतो, "मास्तर... डोस." आणि सकाळी माझ्याबरोबर चालायलाही येतो, म्हणतो, "अर्धं मी वाचलं होतं, अर्धं मी चालतो." ते वीस कोट परत मागवलेत, आत घेतोय एकेक, ट्रंपेटवाल्याची हात जोडून माफी मागितली. नवीन टेप आणली. रोज सकाळी नवीन टेपेनं कंबर मोजून हिला दाखवायची, श्वास सोडून! दादाची ही टेप आता फक्त गळ्यात असते. काढवत नाही हो.

आणि विषाणू? तो आहेच. तो काही निघायचा नाही, तो शिवणीतच बसलाय, त्याच्यावर नजर ठेवायची, रक्त द्यायचं, गोळी लागेल तेव्हा घ्यायची. पण चरबी तर कोणी शिवून ठेवली नव्हती ना? ती मी सोडली होती, इंचाइंचानं, तर मीच आत घेणार. म्हणून मी घाबरलेलो नाही बरं का! ही पँटचा तो एकच पाय तुरपते आहे तासभर, तुमचं लक्ष गेलं का? टाके उसवते आणि परत घालते. पण मी नाही घाबरलो. आज आकडा उतरलेला असणार. असणारच. माझं माप...

"काका, या आत!"

आलो! ...जरा ही पिशवी बघता का? ...आलोच.

...

...सरका, सरका, बसू द्या. नाही, त्या लुळ्या खुर्चीवर नको, हां, इथेच. ऐका! नर्सबाईनं टेप लावली, ती डबीतली, मी सगळा श्वास सोडला, इतका सोडला की ती म्हणाली, "काका, थोडा घ्या!" किती? अडतीस! तिच्या टेपेनं अडतीस! सहा महिन्यांपूर्वी मी जे खोटं सांगत होतो ते आज खरं झालं हो! मी म्हटलं, "बाई, टेप तुमची चांगली आहे." आणि स्कॅन? ...सात. साडेआठावरून सात! डॉक्टरीणबाई म्हणाली, "उतरलाय. अजून उतरवायचा. विषाणू झोपलेला. साखर ठीक. सहा महिन्यांनी या." मी म्हटलं, बाई, आज तरी हसा. म्हणाली, "साडेपाच झाला की." म्हणजे तारीखच दिली म्हणा ना! आणि दादाच्या टेपेनं, मी आत हळूच लावून बघितली, साडेपस्तीस! लग्नातली कंबर! खोटं आहे, माहीत आहे मला, पण दादालाही सांगायला नको?

थांबा, हिला सांगतो. अगं ए! इकडे बघ! ...सात! सात आलाय! कंबर अडतीस, नर्सच्या टेपेनं! हे बघ, पट्ट्यात तीन बोटं जातायत, तीन! बघ तरी!

...रडतेय. बघितलंत? नाक ओढतेय, डोळे पुसतेय, आणि हातातली सुई काही सोडत नाही. उठली. येतेय इकडे. आता बघा हं, चौदा वर्षांत पहिल्यांदा ही तीन खुर्च्या ओलांडून येतेय, आज मला काहीतरी चांगलं ऐकायला मिळणार... काय गं? काय बघतेस? माझी पँट कशाला धरतेस, लोक बघतायत! उजेडात काय वळवतेस मला? अंगठ्यानं काय चोळतेस...

...ऐकलंत? ऐकलंत ना, काय म्हणाली? डोळ्यांत पाणी आणि आवाज असा गंभीर, अगदी दुकानातल्यासारखा... "कापड सैल पडलं असेल."

घ्या! एकतीस वर्षं जे मी जगाला शिवून दिलं, ते आज मलाच घातलं हिनं, भर दवाखान्यात! आणि काय सांगू तुम्हाला... बसलंय झकास. माप चुकत नाही हो तिचं.